कोलॅबसाठी एकच खातं आणि पासवर्ड सगळ्यांकडे: तुमच्याकडची मुलं काय करतात?

निळीशाई

स्क्रॅचवर रमणाऱ्या मुलांचे पालक, त्यांना शिकवणारे आणि जमल्यास खुद्द मुलं, सगळ्यांनीच लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

विषय असा. चार-पाच मुलांनी मिळून एखादा गेम किंवा अ‍ॅनिमेशन करायचं ठरवलं (याला मुलं कोलॅब म्हणतात) की कामाला हात लागायच्या आधीच गटाच्या नावाने नवं खातं निघतं आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांत वाटला जातो. मुलं त्याला जॉइंट अकाउंट म्हणतात. सुरुवात मजेत होते. मग कुणाचं तरी काम पुसलं जातं, कुणीतरी गटाच्या नावाने भलतीच कमेंट टाकतं, कुणी रुसून पासवर्डच बदलून टाकतं. मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. हा प्रकार पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, म्हणून यावर नीट बोलावं असं मनापासून वाटलं.

ज्यांना स्क्रॅच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ साली आणलेली, रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायची ही भाषा. मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. तिच्याबरोबरच जे संकेतस्थळ आलं तिथे मुलं आपले प्रोजेक्ट शेअर करतात, दुसऱ्याच्या प्रोजेक्टच्या आत शिरून तो कसा बनलाय ते बघतात, त्याचं रीमिक्स करतात (म्हणजे त्यात बदल करून आपला नवा प्रोजेक्ट बनवतात), कमेंट करतात. एकमेकांना खाजगी निरोप पाठवायची सोय तिथे नाही, आणि ती मुलांच्या सुरक्षिततेसाठीच ठेवलेली नाही.

माझं मत आधीच सांगते. सामायिक खात्यामुळे काम वाटलं जात नाही, फक्त जबाबदारी कुणाची ते कळेनासं होतं. खात्यावरून जे काही लिहिलं जाईल ते त्या खात्याच्या नावावर जमा होतं. एकाने नियम मोडला आणि खातं बंद झालं तर बाकीच्यांचं कामही त्यात अडकतं. स्क्रॅचच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांतही एका खात्यात एकापेक्षा जास्त जणांनी लॉगिन करू नये असंच सांगितलंय, आणि कारणंही हीच दिली आहेत: लॉगिनचा आणि एडिटरचा गोंधळ उडतो, आणि दुसऱ्याच्या वागण्यापायी तुमचं खातं ब्लॉक होऊ शकतं. एकाच मुलाने दोन-तीन खाती काढली तर मात्र चालतं, अट एवढीच की कुठल्याच खात्यावरून नियम मोडायचे नाहीत. मुलं या दोन गोष्टींची गल्लत करतात. "एकापेक्षा जास्त खाती चालतात ना, मग जॉइंटही चालतंच," असं मला अगदी खात्रीने सांगितलं जातं.

तुमच्याकडे काय होतं? आणि मुख्य म्हणजे, मुलांना त्याऐवजी काय सुचवता?

उंबरठा

चांगला विषय. पालक म्हणून लिहितो.

नियम काय आहे ते मुलांना कळतं. पण माझ्या मुलीच्या गटात पासवर्ड म्हणजे विश्वासाची परीक्षा झालेली आहे. "पासवर्ड देत नाहीस म्हणजे तुझा आमच्यावर विश्वास नाही" असं एकीने म्हटलं की बाकीच्या तोंड उघडत नाहीत. आणि गोष्ट गटाच्या खात्यावर थांबत नाही. पुढची पायरी म्हणजे आपापल्या खात्यांचेही पासवर्ड एकमेकींना सांगणं. या वयात दोस्ती जितक्या लवकर जमते तितक्याच लवकर फिसकटते, आणि फिसकटली तरी पासवर्ड समोरच्याला ठाऊक असतोच.

अशा वेळी मुलीने नेमकं काय म्हणावं? "आई-बाबा नको म्हणतात" हे तिला कमीपणाचं वाटतं.

निळीशाई

उंबरठा, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत.

"आई-बाबा नको म्हणतात" हे मला तरी कमीपणाचं वाटत नाही. मुलांच्या वतीने वाईटपणा घेणं हे आपलंच काम आहे, त्यांनी खुशाल आपलं नाव पुढे करावं. पण तिला ते नकोच असेल तर नकाराच्या जोडीने कामाचं काहीतरी पुढे ठेवायला सांगा. "पासवर्ड नको, मी स्टुडिओ काढते आणि तुम्हाला सगळ्यांना मॅनेजर करते." नुसता नकार मैत्रिणींना लागतो. नकार देऊन ती लगेच कामाला लागली की विषय तिथेच संपतो, हे मी शिकवते त्या क्लबात पाहिलंय.

स्टुडिओ म्हणजे प्रोजेक्ट एकत्र ठेवायची जागा. क्युरेटर त्यात प्रोजेक्ट टाकू शकतात, मॅनेजर नवे क्युरेटर बोलावू शकतात. प्रत्येक जण आपल्याच खात्यातून येतो. गटाचं नाव, गटाचं चित्र, कोण कुठला भाग करतंय याची चर्चा, हे सगळं तिथे होतं. जॉइंट अकाउंटकडून मुलांना जे हवं असतं त्यातलं बरंचसं स्टुडिओत मिळतं.

कोडेकरी

तांत्रिक बाजू मी सांगतो, कारण भांडणांचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

स्क्रॅचच्या एडिटरमध्ये दोघांनी एकाच वेळी एका प्रोजेक्टवर काम करायची सोय नाही. एक प्रोजेक्ट दोन संगणकांवर उघडा असेल तर दोन्हीकडे आपापली प्रत चालू असते, आणि शेवटी जी सेव्ह होते ती टिकते. वर एडिटर अधूनमधून आपणहून सेव्ह करतो. म्हणजे समजा, एकीने संध्याकाळभर बसून पात्राची चाल बसवली. दुसरीच्या संगणकावर तोच प्रोजेक्ट दुपारपासून तसाच उघडा होता. तिने येऊन फक्त एक रंग बदलला. तिच्या एडिटरने सेव्ह केलं आणि चाल गेली. जुनी आवृत्ती परत आणायची सोयही नाही. जिचं काम गेलं तिला वाटतं मुद्दाम केलं, आणि जिने रंग बदलला तिला आपण काय केलं याचा पत्ताच नसतो.

म्हणून कोलॅब कुठल्याही पद्धतीने करा, दोन सवयी लावून घ्या. मोठा बदल करण्याआधी फाइल मेनूतून प्रत म्हणून जतन करा. आणि मधूनमधून प्रोजेक्ट संगणकावर उतरवून घ्या. ती एसबी३ फाइल असते. खरं तर ती झिप फाइलच आहे, आत प्रोजेक्टचा कोड एका जेसन फाइलमध्ये आणि चित्रं, आवाज वेगवेगळे. संकेतस्थळावर काहीही झालं तरी ती उघडता येते.

सायलीचा_वेल

वाचते आहे. आमच्याकडे एकाच संगणकावर भाऊ-बहीण दोघं बसतात आणि एकच खातं वापरतात. हेही चुकीचं का?

कोडेकरी

सायलीचा_वेल, दोघांना वेगळी खाती काढून द्या, फुकट आहेत. ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल केलीत की दर वेळी लॉगिन-लॉगआउटही करावं लागणार नाही.

पतंगदोरी

निळीशाई ताई, मी स्वतः स्क्रॅचर आहे, नववीत. आमच्या ग्रुपचं जॉइंट अकाउंट आहे. तुमचं म्हणणं पटतं, पण आम्ही ते का काढतो हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, प्रोजेक्ट शेअर केल्याशिवाय दुसऱ्याला दिसत नाही. मग अर्धवट काम मित्राला दाखवायचं तर ते सगळ्यांनाच दाखवावं लागतं. गेमचा शेवट आधीच फुटतो. आणि अर्धवट प्रोजेक्ट शेअर केला की लोक कमेंटमध्ये बग सांगत बसतात.

दुसरं, हे जास्त महत्त्वाचं आहे. मॅप असतो, म्हणजे एक गाणं घेऊन त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाने एकेका तुकड्याचं अ‍ॅनिमेशन करायचं. तो शेवटी होस्टच्या, म्हणजे मॅप काढणाऱ्याच्या, अकाउंटवर जातो. सगळे लव्ह्ज (म्हणजे लाइक्स), सगळे फॉलोअर त्याला. आम्ही रात्री जागून फ्रेम्स काढतो आणि आमचं नाव खाली क्रेडिट्समध्ये, जे कुणी वाचत नाही. जॉइंट अकाउंटवर टाकला तर तो सगळ्यांचा होतो. हे चूक आहे का?

निळीशाई

पतंगदोरी, अजिबात चूक नाही. तू लिहिलंस ते फार बरं झालं. आम्ही मोठी माणसं सुरक्षिततेवर बोलतो आणि श्रेयाचा प्रश्न तसाच राहतो. ज्याने काम केलं त्याचं नाव दिसलं पाहिजे, ही मागणी रास्तच आहे.

पण जॉइंट अकाउंटने ती पुरी होते का, हे एकदा तपासून बघ. तिथे प्रोजेक्टवर गटाचं नाव येतं, तुझं येत नाही. उद्या कुणाला त्यातला पावसाचा शॉट आवडला तर तो कुणी काढला हे त्याला कसं कळणार? होस्टच्या खात्यावर निदान खाली तरी नाव असतं. जॉइंटवर मुलं पुष्कळदा तेही लिहीत नाहीत, कारण "आपलंच तर आहे".

मला यातून दिसणारी वाट अशी: गटाच्या नावाचं खातं हवंच असेल तर काढा, पण ते एकानेच सांभाळायचं. लॉगिन तोच करणार. बाकीचे आपापला तुकडा आपापल्या खात्यावरून शेअर करतील आणि सांभाळणारा ते एकत्र जोडेल. म्हणजे प्रत्येकाचा तुकडा त्याच्या स्वतःच्या पानावर राहतो, त्याचे लव्ह्ज त्यालाच मिळतात, आणि जोडलेला मॅप गटाच्या नावावर राहतो. शेवट फुटू नये म्हणून तुकडे मॅप जाहीर झाल्यावर शेअर करा.

पतंगदोरी

पण मग जोडणाऱ्याकडे तुकडे पाठवायचे कसे? शेअरच केलं नाही तर बॅकपॅकमध्येही (एडिटरमधली, एका प्रोजेक्टमधलं दुसऱ्यात न्यायची जागा) घेता येत नाही.

कोडेकरी

याला दोन उत्तरं आहेत, आणि कुठलं लागू पडेल हे तुमची ओळख कुठली यावर ठरतं.

तुम्ही एकाच शाळेतले, प्रत्यक्ष ओळखीचे असाल तर फाइल द्या. आख्खा प्रोजेक्ट द्यायची गरज नाही. स्प्राइटवर (म्हणजे पडद्यावरच्या पात्रावर किंवा वस्तूवर) उजवी क्लिक करून एक्स्पोर्ट केलं की फक्त त्या स्प्राइटची फाइल मिळते, त्यात कोड, कॉश्च्यूम (म्हणजे स्प्राइटची चित्रं), आवाज सगळं येतं. पेनड्राइव्हवर द्या किंवा पालकांच्या मेलवरून पाठवा.

ओळख फक्त स्क्रॅचवरची असेल तर मेल, फोन नंबर, दुसऱ्या अ‍ॅपवरचं नाव, यातलं काहीही तिथे द्यायचं नाही. स्क्रॅचचा तसा नियमच आहे. मग शेअर करणं हाच मार्ग. फार तर पूर्ण तुकडा न टाकता फक्त पात्रांचे कॉश्च्यूम आणि कोड असलेला साधा प्रोजेक्ट टाका, नोंदींमध्ये "कोलॅबसाठी साहित्य" असं लिहा. समोरचा आत शिरून हवे ते ठोकळे आणि कॉश्च्यूम बॅकपॅकमध्ये ओढून घेईल. काम झालं की अनशेअर करा.

जोडताना जे बिघडतं त्याचीही कल्पना असू दे. सगळ्यांनी "सुरू" याच नावाचा संदेश प्रसारित केला असेल तर एकाच क्षणी सगळे तुकडे सुरू होतात. "सर्व स्प्राइटसाठी" केलेली एकाच नावाची व्हेरिएबल्स (गुण, वेळ असे आकडे साठवायच्या जागा) एकमेकांत मिसळतात. म्हणून आधीच ठरवा: तिसरा तुकडा करणाऱ्याचे सगळे संदेश आणि व्हेरिएबल्स "भाग३" ने सुरू होतील, आणि जिथे जमेल तिथे व्हेरिएबल "फक्त या स्प्राइटसाठी" करा. गाण्याशी मेळ राखायला "थांबा" ठोकळ्यांवर विसंबू नका, थोडा थोडा उशीर साचत जातो आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत ओठ आणि शब्द वेगळे पडतात. टायमर वापरा. हिरवा झेंडा दाबला की तो शून्यावर येतो, मग "टायमर ४२.५ च्या पुढे गेला की दुसरा शॉट" असं लिहिता येतं.

शाईची_बाटली

कोडेकरी, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मी विकिपीडियावर संपादन करते, तिथला अनुभव सांगावासा वाटतो. इंग्रजी विकिपीडियावर एक खातं एका व्यक्तीचं असा नियम आहे, संस्थेच्या किंवा गटाच्या नावाचं सामायिक खातं चालत नाही. लोकांना हे जाचक वाटतं. पण प्रत्येक पानाच्या इतिहासात कुठला बदल कुणी केला ते दिसतं, आणि त्याच जोरावर अनोळखी माणसं एकत्र काम करू शकतात. नावामागे एकच माणूस असतो म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो, त्याचे आभार मानता येतात.

स्क्रॅचवर शेअर केलेले प्रोजेक्ट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतात. श्रेय द्या आणि तुमचंही त्याच अटीवर वाटा, असा तो परवाना आहे. म्हणजे श्रेय देणं हा नुसता चांगुलपणा नाही, ती अट आहे. रीमिक्स केलं की मूळ प्रोजेक्टचं आणि करणाऱ्याचं नाव पानावर आपोआप येतं. बॅकपॅकमधून उचललं तर येत नाही, तिथे स्वतः लिहावं लागतं. हा फरक मुलांना सांगायलाच हवा.

परिघावरून

थोडी उलट बाजू मांडतो. सामूहिक नाव ही वाईट गोष्ट नाही. १९३० च्या दशकात काही तरुण फ्रेंच गणितज्ञांनी निकोला बुर्बाकी हे एकच नाव घेऊन लिहायला सुरुवात केली. आंद्रे वेय, आंरी कार्तां, जाँ द्यूदोने अशी मंडळी. असा माणूसच नव्हता, पण त्या नावाने विसाव्या शतकातलं गणित लिहिण्याची रीत बदलली. मजकुराच्या ओळी-ओळीवर सगळे मिळून वाद घालायचे, आणि अंतिम मसुद्यावर एकाचं असं नाव नसायचं. "मी" बाजूला ठेवून काम करण्यातही आनंद असतो. मुलांना तो मिळू नये का?

निळीशाई

मिळावा, जरूर मिळावा! उदाहरण आवडलं. पण बुर्बाकीतली माणसं एकत्र बसून मसुदे वाचत, त्यावर भांडत, आणि सगळ्यांना मान्य झाल्याशिवाय पान पुढे जात नसे. पन्नाशीला निवृत्त व्हायचं असाही त्यांचा नियम होता. नाव एक असलं तरी कामाची शिस्त होती, आत कसं यायचं आणि बाहेर कधी पडायचं हेही ठरलेलं होतं. मुलांच्या जॉइंट अकाउंटमध्ये नेमकं तेच नसतं. बाहेर पडायचं असेल तर काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

म्हणून मी क्लबात गटाचं नाव घ्यायला नेहमीच उत्तेजन देते. स्टुडिओला द्या, प्रोजेक्टच्या पहिल्या पडद्यावर मोठ्ठं झळकवा. फक्त पासवर्ड वाटू नका.

उंबरठा

सहमत.

आजीची_गोधडी

माझ्या नातीच्या बाबतीत एक प्रकार झाला, तो सांगते. स्क्रॅच नव्हे, चित्रं टाकायची एक दुसरी जागा होती. मुलींनी सामायिक खातं काढलं, ते ज्या मैत्रिणीच्या मेलवर काढलं होतं ती गटातून बाहेर पडली. पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, पण तो बदलायची विनंती केली की दुवा जायचा तिच्या मेलवर. नातीची सगळी चित्रं तिथेच राहिली. तिच्याकडे दुसरी प्रतच नव्हती. किती दिवस ती हिरमुसलेली होती काय सांगू.

शिवाय नंतर कळलं की त्या खात्याला नातीने आपल्या शाळेच्या मेलचाच पासवर्ड ठेवला होता, म्हणजे तो सगळ्या मुलींकडे गेला होता. तोही बदलावा लागला.

निळीशाई

आजी, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. खातं शेवटी ज्याच्या मेलवर असतं त्याचंच राहतं, पासवर्ड कितीही जणांना माहीत असो. मुलं हे कधीच विचारात घेत नाहीत. आणि लहान मुलांच्या बाबतीत तो मेल पालकांचा असतो, म्हणजे चौघांच्या खेळात एका पालकाचा मेल गुंतलेला असतो आणि त्या पालकाला कदाचित कल्पनाही नसते.

ज्यांच्याकडे आधीच असं खातं आहे त्यांनी आजच कामाला लागावं. सगळे प्रोजेक्ट आपापल्या संगणकावर उतरवून घ्या, हे सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मग खातं कुणाच्या मेलवर आहे ते बघा, कुणी सांभाळायचं ते ठरवा, आणि सांभाळणाऱ्याने पासवर्ड बदलावा. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. भांडण व्हायच्या आधी हे करणं सोपं जातं. झाल्यावर कोण आधी पासवर्ड बदलतो याचीच शर्यत लागते.

वर्गाबाहेर

मी शाळेत शिकवतो. तीसेक मुलांची खाती सांभाळायची म्हणजे पासवर्ड विसरण्याचाच मोठा प्रश्न. म्हणून वर्गासाठी एकच खातं ठेवावं अशा विचारात होतो.

निळीशाई

सर, कृपया तसं करू नका. स्क्रॅचवर शिक्षकांसाठी वेगळं खातं मागता येतं. त्यातून वर्ग तयार करून मुलांची खाती तुम्हीच काढून देऊ शकता, आणि कुणी पासवर्ड विसरलं तर तो तुम्हीच पुन्हा ठरवून देऊ शकता. एका खात्यात अख्खा वर्ग बसवलात तर कोडेकरींनी सांगितलेलं पुसापुशीचं प्रकरण तासाभरात सुरू होईल.

पतंगदोरी

ताई, आज ग्रुपमध्ये बोललो. दोघं लगेच तयार झाले, एक जण चिडला, पण शेवटी त्यालाच अकाउंट सांभाळायला दिलं तर चालेल म्हणाला. प्रोजेक्ट उतरवून घेतले आहेत. पासवर्ड तो उद्या बदलणार.

एक शंका आहे. आमच्यातला एक जण मधेच सोडून गेला, भांडून. त्याचा तुकडा आम्ही बदलला, पण त्याने काढलेली जंगलाची बॅकग्राउंड अजून वापरतोय. क्रेडिट्समध्ये त्याचं नाव घालायचं का? बाकीचे नको म्हणतात.

शाईची_बाटली

घालायचं. त्याने काढलेली एक जरी चौकट पडद्यावर दिसत असेल तरी घालायचं. भांडणाचा आणि श्रेयाचा संबंध नाही. नुसती नावांची यादी देऊ नका, कुणी काय केलं ते लिहा: "जंगलाची पार्श्वचित्रं: अमुक, पावसाचा शॉट: तमुक." त्याच्या खात्याचं नाव नीट बघून लिहा, एक अक्षर चुकलं तर ते दुसऱ्याच कुणाच्या तरी पानावर जातं.

पतंगदोरी

ठीक आहे, घालतो. आणि क्रेडिट्स खालच्या चौकटीत कुणी वाचत नाही, म्हणून मॅपच्या शेवटी पडद्यावरच दाखवणार आहोत. गाण्याचे शेवटचे ८ सेकंद त्यासाठी मोकळे ठेवलेत.

कोडेकरी

तिथेही टायमरच वापर.